दहाच्या जागी दहा

ओगलेवाडी फाट्याच्या अलीकडे,
पंक्चरवाला आणि रसवंतीच्या मधोमध
निजाम शिकलगारांचं दुकान: एक बाकडं,
एक बॅटरी, एक टेस्ट लॅम्प
आणि लोणच्याच्या बरणीत गच्च भरलेले
जळके फ्यूज.

टाकायचे नाहीत, म्हणायचे.
हे कामाला आलेले आहेत.

मला आधी रंग शिकवले.
लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस,
हिरवा तीस, त्याला हात लावताना विचारायचं.
मग एक जळका उजेडाला धरला:
आरपार दिसणाऱ्या पोटात पत्र्याची वाकडी वाट
आणि मध्येच तुटलेली, केसाएवढी.
"इथंच तुटावी म्हणून इथं बारीक केलीय."

मला वाटायचं, फ्यूज दिवा वाचवतो.
"दिवा गेला तर गेला, चाळीस रुपये.
हा वायरीसाठी जळतो.
वायर मॅटखालून जाते, टाकीजवळून जाते,
पोरं झोपतात त्या सीटखालून जाते.
तिला तापू द्यायचं नाही."

लग्नसराईत डुबलांची जीप आली.
मागच्या दिव्यांचा फ्यूज, आठवड्यात तिसऱ्यांदा.
"तीसचा घाला की निजामभाई, नाहीतर तार पिळा.
वऱ्हाड खोळंबलंय मसूरला."
गाडी ठेवा, शॉर्ट शोधतो, उस्ताद म्हणाले.
पुढं डुबल जे बोलले ते मी लिहीत नाही.
उस्तादांचे कान लाल झाले.
त्यांनी पक्कड खाली ठेवली,
रस्ता ओलांडला, चहाच्या गाड्यावर जाऊन बसले
आणि जीप वळणाआड जाईपर्यंत
इकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती ट्रॅक्टरमागं दोरीनं आली.
फ्यूजच्या खाचेत सिगारेटच्या पाकिटाची चांदी, काळी.
डॅशबोर्ड काकवीसारखा ओघळलेला.
"पेट्रोल पंपावर माणसं उतरली होती, म्हणून,"
डुबलांनी वाक्य तिथंच सोडलं.

उस्तादही काही बोलले नाहीत.
अडीच तास मागच्या दाराखाली उताणे पडून
शेवटी बॅटरीच्या उजेडात सापडलं:
बिजागरीला घासून उघडं पडलेलं
बोटाच्या पेराएवढं तांबं.
बिल मोठं झालं. वायरिंग सगळं नवं.
तळाला वेगळ्या ओळीत लिहिलं,
फ्यूज, लाल, नग एक, रुपये तीन.

आता बाकडं माझं आहे.
बरणी दुसरी, पहिली भरली.
काल एकजण घाईत होता,
ताई, तार नाही का तुमच्याकडं?
आहे की, म्हटलं.
मागं बघा,
माझी ओढणी वाळतेय तिच्यावर.