अंजनी

डॉक्टर म्हणाले, भट्टीपासून लांब राहा.
म्हणून एकोणतीस वर्षं साचे भरलेल्या माणसाला
शिरोलीच्या फौंड्रीत
कंपाउंडची झाडं दिली.

धाकट्या मालकीणबाईंनी टेबलावर नकाशा पसरला :
ही भिंत दिसायला नको, बाबालाल.
बारमाही हिरवं काहीतरी लावा,
धुळीला दाद न देणारं, पानगळ नको.
सहा महिन्यांत.
म्हटलं, असं एक आहे,
फक्त सहा महिन्यांचं तेवढं राहू द्या.

गगनबावड्याच्या रस्त्याला
निवृत्ती सुतारानं पिशव्यांतून चाळीस रोपं दिली, वीतभर.
"अंजनी हाय. लाकूड लोखंडाचं.
घाई असंल तर न्हेऊ नगंस."

जागा म्हणजे जळक्या वाळूचा उकिरडा.
पहार मारली की ठण्‌ वाजायचं,
खालून निघायचे रनरचे तुकडे, फुटके कोअर,
आणि एकदा निघाला
पंपाचा एक पाय, पोटात हवेचं भोक पडलेला.
माझ्याच हातचा. ओळखला मी.
तो बाजूला ठेवला, आणि त्याच खड्ड्यात
कारखान्याची मळी, शेणखत, वरून उसाचं पाचट.

साच्यात वाळू ठोकून ठोकून घट्ट करायची असते.
मुळाशी माती सैल.
हाताला एवढं शिकवण्यात
एक उन्हाळा गेला, आणि तीन रोपं.

पहिल्या वर्षी चार बोटं वाढली.
दुसऱ्या वर्षी, खोटं कशाला सांगू, तेवढीच.
कॅन्टीनची सुशिला चहा देताना विचारायची,
"वाढत्यात का बसल्यात?"
भिंतीवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं,
येथे गाड्या लावू नयेत.
मी पानांवरची काजळी पुसत राहिलो, एकेक,
खाली पानं तकतकीत, जाड,
नवं चामडं असावं तशी.

सातव्या एप्रिलात
तिसरी पाळी सुटली तेव्हा उजाडत होतं.
फांदीच्या उघड्या लाकडातून, सालीतूनच,
निळं फुटलेलं. जागोजाग.
मी हा निळा ओळखतो.
रस ओतला की साच्याच्या भोकांतून
वायू पेटतो, बोटभर,
तोच.

वारं सुटलं
आणि माझा हात आपोआप आडोशाला गेला,
विझेल म्हणून.

इर्शाद वेल्डर मागं उभा होता. हसला नाही.

भिंत अजून दिसते,
छातीच्या वर.
मालकीणबाईंनी विचारणं सोडलंय.