हरवलेले : एकोणचाळीस

कौतिकाबाईंनी दार उघडलं, वीतभर.
मानखुर्दच्या दोन इमारतींमधल्या त्या पट्टीत
दुपारी बारालाही ट्यूब लावलेली होती.
मी प्रश्नावली पुढे धरली, अठ्ठावीस पानं.
पहिलाच प्रश्न : घरात खिडक्या किती?
"एक. पण ती उघडली
की समोरच्यांच्या तव्यावर हात पडतो.
एक लिव्ह, नायतर शून्य लिव्ह, तुझी मर्जी."

मग त्यांनीच विचारलं,
"मागल्या खेपेला थुंकीची डबी नेली होती.
पिवळ्या झाकणाची. तिचं काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं.
मागल्या खेपेला मी बारावीत होते, चिपळूणला.
हे काही उत्तर नव्हतं, म्हणून दिलं नाही.
म्हटलं, बघून सांगते.
असं सगळेच म्हणून जातात
हे त्यांच्या भुवयांवरून कळलं.

परळच्या ऑफिसात शोधायला तीन आठवडे गेले.
डबी नव्हतीच, डबी कशी राहील,
पण तिचा एक आकडा झाला होता,
आकड्याचा तक्ता, तक्त्याचा निबंध,
आणि तो वाचला गेला होता कुठल्याशा थंड शहरात
गळ्यात कार्ड घातलेल्या माणसांसमोर.
पान नऊ, खालून दुसरी ओळ :
पाठपुराव्यात हरवलेले : एकोणचाळीस.

मी तो मराठीत उतरवायला बसले.
'अनुपालन' कुणाला कळणार? आईला फोन केला.
ती म्हणाली, "ऐकणं म्हण की सरळ."
पण कुणी कुणाचं ऐकायचं,
ते निबंधात नव्हतं.

रविवारी बालवाडीत सतरंजी टाकली.
फळ्यावर आठवड्यापूर्वीचं बदक तसंच.
बाया आल्या, निवडायची मेथी घेऊन.
मी वाचलं. हरवलेले : एकोणचाळीस.

मेथी थांबली.
"कोण हरवलं?"
ज्यांनी गोळ्या अर्ध्यात सोडल्या,
जे पुन्हा केंद्रावर दिसले नाहीत, ते.
"नावं?"
नावं नसतात, म्हटलं. गुप्त ठेवतात.

कौतिकाबाई हसल्या, खोकला येईपर्यंत.
"अगं, त्यातली एक मी हाय. मी कुठं हरवले?
अकरा वर्सं ह्याच नळाला हाय.
केंद्र उघडायचं दहाला, आन् मी साडेपाचला
वाशीच्या मार्केटात लसणाच्या ढिगापाशी.
हरवली ती तुमची माणसं.
जिन्यातला बल्ब गेला
तवापासनं कुणी वर आलं नाय."

"आमचा दीर पण लिहा," नूरबानू म्हणाली,
"तो मुंब्र्याला आहे, शिलाईच्या कारखान्यात."
बत्तीस नंबरातला गंगाराम परभणीला गेला,
तिथं गोळ्यांना इथला कागद मागतात.
"आन् सुंद्राचं नाव खोड," कुणीतरी हळू बोललं,
"ती नाय हरवली. तिला आंघोळ मी घातली."
एक जण मेथी तशीच टाकून उठून गेली.
तिला कुणी हाक मारली नाही.

मी लिहीत गेले समासात,
मग प्रश्नावलीच्या पाठकोऱ्या बाजूला,
जिथं काही लिहू नये अशी सूचना असते.
चौतीस सापडले.
पाच जणांवर एकमत होईना.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी ती पानं पाहिली.
"हे कुठल्या पद्धतीत बसतं?"
रागानं नाही. खरंच विचारलं.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

नव्या प्रश्नावलीत खिडकीला दोन रकाने आहेत :
आहे का, आणि उघडते का.
केंद्र अजून दहालाच उघडतं.
जिन्यात मी बल्ब लावला, दोनदा चोरीला गेला,
तिसरा टिकून आहे.

त्याच उजेडात आज वर चढतेय,
हातात डबी, या खेपेला हिरव्या झाकणाची,
आणि दाराशी पोचायच्या आधीच आतून आवाज :
"आलीस? थांब, चूळ भरते.
आन् हिचं काय झालं ते सांगायला कधी येणार,
ती तारीख लिव्हून जा.
भिंतीवर लिव्ह.
कागद हरवतो."