तसूभर

कोउवोलात जानेवारीत दुपारी चारलाच दिवे लागतात.
बूट काढून मी पाळणाघराच्या दारात उभी,
अंगाला अजून यार्डातल्या ग्रीसचा वास.
ओइवानं मला पाहिलं नाही.
पंधरा दिवस हाच इथे रडत होता
माझ्या जाकिटाची चेन मुठीत धरून.

आज पालथा पडलाय, गाल फरशीला टेकवून,
एक डोळा मिटून रूळ बघतोय.
अगदी मी बघते तसा. हे कुठून उचललं?

लाकडी रूळ, कडा कुणाकुणी चावलेल्या,
टेबलाच्या पायाला वळसा घालून परत आलेत
आणि शेवटी राहिलीय फट:
दोन बोटं. त्याची बोटं.

सगळ्यात छोटा तुकडासुद्धा तिथे मावत नाही.
तो गुडघे रोवून रेटतो.
मागे पूल कोसळतो, हिल्काची गाय पडते.
हिल्का काही बोलत नाही,
गाय उचलून पुन्हा रुळावरच ठेवते.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.
अठरा वर्षं हेच करतेय मी:
थंडीत लोखंड आखडतं, जूनमध्ये फुगतं,
कुठे किती ढील ठेवायची ते हाताला ठाऊक आहे.
तो हात खिशात घातला.
खिशात एक नट होता, तो फिरवत राहिले.

मग तो मागे गेला. पार मागे,
टेबलाच्या पायाजवळच्या पहिल्या वळणापाशी,
आणि तिथला सांधा जरासा हलवला.
मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.
हिल्काला म्हणाला, "तू पण दे थोडं."
ती सरकली. गाय सरकली.
कुठल्याच तुकड्याला कळलं नसेल
आपण काय दिलं ते,
तसूभरही नाही,
आणि दोन बोटं मिटली.

टक्.

आता निळा डबा लाल इंजिनापासून पळतोय.
जवळ नेला की दूर. पुन्हा जवळ, पुन्हा दूर.
ओइवानं डबा उचलून हुंगला,
हिल्काला हुंगायला दिला.
फिरवून बघायचं अजून सुचलेलं नाही कुणालाच.

कप पुसता पुसता राइली माझ्या कानाशी म्हणाली,
"रुळला हं."

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.
"गाडी कुठे गेलीय अजून?"
त्यानं मान वर न करताच सांगितलं.
"आणि पाय काढ."

खरंच, माझा अंगठा रुळावर होता.
रोज गाडी आली की बाजूला होणारी मी
पाय पोटाशी घेऊन
तिथेच खाली बसले.