जास्तीची फेरी

मैदानावर फक्की मारायची, पाणी शिंपायचं,
आणि दहा हजार मीटरला
शेवटची फेरी आली की घंटा वाजवायची.
नंदुरबारला बत्तीस वर्षं मी एवढंच केलं.

फेऱ्यांचे आकडे पुठ्ठ्यावर लिहिलेले,
पुठ्ठे मिरचीपुडीच्या खोक्यांचे.
पंचवीसपासून एकापर्यंत उलटत जायचं,
उलटताना डोळे चुरचुरायचे.

सेवली पावरा पहिल्यांदा आली
ती धडगावकडच्या आश्रमशाळेच्या निळ्या फ्रॉकात, अनवाणी.
सरांनी विचारलं, किती पळशील?
ती म्हणाली, कुठपर्यंत जायचंय?

आम्ही हसलो.
डोंगरात जो निघतो तो कुठेतरी पोचतो.
इथे निघायचं तिथेच परत यायचं
आणि वर त्याचं बक्षीस घ्यायचं,
हे तिच्या पचनी पडायला एक पावसाळा गेला.

मग ती फेब्रुवारीतली दुपार.
पथारींवर मिरची वाळत घातलेली, वारा सगळा मैदानाकडे.
दोघी खोकत बाहेर बसल्या.
सेवली उरलेल्यांना मागून गाठून पुढे जात होती,
एकदा, मग पुन्हा एकदा.
मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले
आणि नऊचा पुठ्ठा नऊवरच राहिला.

घड्याळ थांबलं सदतीस वीसवर.
विभागाचा विक्रम छत्तीस दहा.
साहेब म्हणाले, पोरगी बरी आहे, मेहनत हवी.
वहीखाली सही माझी.

नळावर ती तोंड धूत होती.
म्हणाली, दादा, सव्वीस झाल्या.
तुला कळलं होतं? मग थांबली का नाहीस?
ओंजळीतलं पाणी सांडू न देता म्हणाली,
घंटा वाजली नव्हती ना.

पुढचं पेपरात आलंच.
तिनं विभागाचा मोडला, राज्याचा मोडला,
मग दोनदा स्वतःचाच.
भुसावळला रेल्वेत पार्सल ऑफिसात लागली,
केळीच्या घडांच्या पावत्या फाडायची
आणि पहाटे चारला तापीच्या पुलापर्यंत जाऊन यायची.
उन्हाळ्यात चारलाही रस्ता तापलेला असायचा म्हणे.
नंतर नडगीचं हाड चिरलं. नंतर लग्न, मुलगा.
नंतर पुन्हा एक विक्रम, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.
शेवटचा मोडला मोलगीच्या एका पोरीनं.
त्या दिवशी स्टॉपवॉच सेवलीच्या हातात होतं,
आणि फोटोत ती पोरीपेक्षा जास्त धापा टाकताना दिसते.

मैदान आता लाल रबराचं झालं.
पट्टे रंगवूनच आले, फक्की लागत नाही.
मी संध्याकाळी जातो, चप्पल काढून
एकच फेरी चालतो.
सहा मिनिटं लागतात, गुडघा दुखला तर सात.
वहीत ती कुणाच्या नावावर नाही.

परवा ती आली होती, केस पिकलेले, गळ्यात शिट्टी.
मी म्हणालो, सेवली, त्या दिवसाचं...
ती म्हणाली, दादा, चहा पाजा आधी.
आणि टपरीकडे निघाली,
मैदानातून आडवी.