अठरा मिलिमीटर

इंजिन बसलं. बॉनेट बसेना.
अठरा मिलिमीटर.
यशोधन दर वेळी टेप नव्यानं लावतो,
जणू आकडा कधीतरी लाजून मागे सरेल.

पावणे एमआयडीसी, गाळा चौदा.
शेजारी रबरी सील भाजतात,
त्याचा वास आमच्या डब्यातल्या भाजीला.
कंपनीचंच टर्बो इंजिन, तळोज्याच्या भंगारातून,
मागून ठोकलेल्या सेडानचं.
"नुसतं ठेवायचं आणि जोडायचं," विकणारा म्हणाला होता.
हिरूदादा म्हात्रे ते वाक्य आता
बोट चेपलं की शिवीसारखं वापरतात.

खाली चेंबर क्रॉसमेंबरला टेकतो,
वर टर्बो बॉनेटला.
चेंबर कापला तर वळणावर पंप हवा पिईल.
बॉनेटला भोक? यशोधन नुसतं बघतो.
त्या एका उताराच्या रेषेसाठीच तर
त्यानं ही दोन सीटांची गाडी घेतली,
गुडघे धरलेल्या आईला कधीच बसता न येणारी.

माझं काम वायरिंगचं.
एकशे बारा पिना, आणि प्रत्येक पिनेला शंका.
इंजिन विचारतं: माझी चावी कुठाय?
दार लागलं का? चाकं किती वेगात?
ते त्या जुन्या गाडीबद्दल विचारतं,
जिचा पत्रा एव्हाना वितळलाही असेल.
मी एकेका प्रश्नाला
एकेक खोटं उत्तर सोल्डर करते.
काल चावी फिरवली तर वायपर हलले.

गिअरबॉक्सची मधली प्लेट जुझरभाईंनी
लेथवर काढली, तीनदा.
चौथीचे पैसे घेतले नाहीत,
चहाही घेतला नाही.
आरसी बुकात अजून जुन्याच इंजिनाचा नंबर आहे.
त्यावर आम्ही बोलत नाही.

रात्री माउंट खाली घेतले, स्टिअरिंगचा रॉड वाचवत.
हिरूदादांनी नातीची खेळायची माती आणली,
गोळा टर्बोवर ठेवला, बॉनेट हळूच लावलं,
उघडलं.
माती चपटी. मधोमध पापडाएवढी.
यशोधन हसला, बऱ्याच दिवसांनी.

"रेस दिली की इंजिन हलतं," मी म्हटलं.
"तीन तरी मिलिमीटर."

शेजारची पाळी सुटली,
मोटरसायकली एकामागून एक गेल्या.
हिरूदादांनी माती पुन्हा गोल वळली,
खिशात टाकली
आणि साखळीला हात घातला.