इथंच की

रिक्षावाला म्हणाला, 'शंभर द्या, रंकाळ्याला सोडतो.'
मी पिशवी सावरली नि चालू लागले.

बिंदू चौकात एकाला विचारलं.
'ह्ये काय, इथंच की!'
मिरजकर तिकटीला दुधाची किटली घेतलेल्या बाईंनी
हातानंच रस्ता वळवून दिला,
'इथंच की वो ताई.'
माझ्या चपलेचा अंगठा शिवणारा
मान वर न करता म्हणाला, 'इथंच.'

अर्धा तास झाला, इथंच संपेना.

आजवर रस्ता विचारायचे ते हे.
मी फक्त गाडीची काच खाली करून द्यायची.

ताराबाई रोड सरला
आणि घरांमधून एकदम पाणी.

कठड्यावर बसले. भेळ तिखटजाळ.
एक परगावचा, फोन उलटासुलटा करत,
'मावशी, देऊळ किती लांब?'

नाक पुसत म्हणाले,
'इथंच की.'