शून्याचे खिळे

आमच्या छापखान्यात शून्याचे खिळे होते नऊ.
दाभोळला त्याहून जास्त लागत नसत.
सोसायटीची नोटीस, तरीचे दर,
चौथ्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा,
फार तर कुणाच्या कलमांचा शेकड्याचा भाव.

एकाहत्तरच्या मे महिन्यात मेहेंदळे मास्तरांनी
रेडिओवरून उतरवून घेतलेला कागद
माझ्यापुढे सरकवला. पूर्वेकडची बातमी.
आकडे बघून म्हटलं, मास्तर, शून्यं पुरणार नाहीत.
मग कानस काढली.
‘ठ’ची शिरोरेघ घासली, मान घासली,
उरलं ते शून्य. जरा थोराड, पण शून्य.
‘ठ’ होते सहा. सहाही घासले.
आता ‘ठार झाले’ जुळेना.
मास्तर म्हणाले, ‘मारले’ घे. तेच खरं.

त्याच संध्याकाळी कासम तिसेकर आला,
बोटीवरचा खलाशी, आदल्या रात्रीच घरी पोचलेला.
वहाणा बाहेर काढून दारातच उभा राहिला.
चितगावच्या गोदीत अकरा दिवस अडकली होती त्यांची बोट.
“गनली मी,” म्हणाला. “सत्तावन.”

मास्तरांनी चष्मा पुसला.
“पाणी चढतं, उतरतं.
तीच ती दोनदा मोजली नाहीस कशावरून?”

मला राग आला मास्तरांचा.
कासमला नाही आला. खाडीवरचा माणूस.
“सुकतीला पयलं गेलं ते एक हिरवं लुगडं.
भरतीला तेच परत वर आलं.
तितं थांबलो.”

धोपाव्याची शेवटची तर सुटली.
वल्ह्यांचा आवाज आत येईपर्यंत
आम्ही तिघं तसेच.
मग मास्तरांनी रेडिओचा कागद उचलला.
“हे आतल्या पानात. वर कासमचं घे.
सत्तावन्न, अंकांत.
आणि लुगडं हिरवं होतं, ते गाळू नकोस.”

५ आणि ७. दोन खिळे.
मथळ्याला एकही शून्य लागलं नाही.

चारशे बारा वर्गणीदार. पत्रं आली तीन.
एक : इथलं छापा, तिकडचं आम्हाला काय.
एक कासमच्या नावावरून, वाचवेना असं.
एक त्याच्याच मोहल्ल्यातून, बिनसहीचं :
आमच्या पोराला यात ओढू नका.
मास्तरांनी तिन्ही छापली,
गुळाच्या व्यापाऱ्याची जाहिरात काढून.
पुढच्या आठवड्यात त्यानंच ती कायमची काढली.

कासम पावसानंतर पुन्हा बोटीवर गेला.
त्याची बायको अंक न्यायला यायची,
वाचता येत नव्हतं तरी.

मार्गशीर्षात लग्नपत्रिकांचं काम आलं.
‘सकाळी ठीक अकरा वाजता.’
कप्प्यात बोटं घातली, रिकामा.
मी ‘ठीक’ गाळलं.
वधूपित्याच्या लक्षात आलं नाही.
मास्तरांच्या आलं. प्रूफावर त्यांनी
गळलेल्या शब्दाची खूण केली, लाल शाईनं,
आणि थोड्या वेळानं
स्वतःच खोडली.